लेबले धुतली गेली ती दिवाळी

दारूच्या दुकानात एकवीस वर्षे नोकरी केली आणि एक थेंब तोंडात घातला नाही, असे मी सांगितले की लोक दोन प्रकारे हसतात. काही खोटे वाटून हसतात, काही खरे वाटून. दुसऱ्या प्रकारचे हसणे जास्त लागते.

जळगावात स्टेशनाजवळ पेस्तनशेठ नावाच्या पारशी गृहस्थांचे विलायती दारूचे परवान्याचे दुकान होते. मी तिथे हिशेबनीस. ते मला आपल्या रिवाजाप्रमाणे ‘मेहताजी’ म्हणत, आणि मग गावही तेच म्हणू लागले. हिशेब लिहायला ठेवलेला माणूस माल निवडू लागला याचे कारण एवढेच, की पेस्तनशेठचे पिणे डॉक्टरांनी बंद केले होते. आणि बंद होण्यापूर्वी त्यांना प्रत्येक बाटली उत्तम वाटत असे. ज्याला सगळेच आवडते त्याच्या हाती खरेदी दिली की दुकान बसते. मला काहीच आवडत नव्हते, म्हणून खरेदी माझ्याकडे आली.

बाहेरच्या माणसाला विलायती बाटलीत असते ती सगळी दारूच. पण ब्रँडी-व्हिस्की भट्टीतून निघते, तिला ऊन-वाऱ्याचे फारसे काही नाही. वाइन म्हणजे द्राक्षांचा आंबवलेला रस. ती दह्याच्या जातीची. सांभाळली तर चांगली, नाहीतर तिचा सिरका होतो. आणि आमच्या खानदेशचा उन्हाळा असा, की मुंबईहून वैशाखात निघालेली पेटी मालगाडीच्या डब्यात भाजून निघे आणि जळगावला सिरकाच उतरे. तो सिरका मुंबईच्या व्यापाऱ्याने वाइनच्या भावाने लावलेला असे. म्हणून आम्ही माल थंडीत मागवत असू, आणि दुकानामागे एका जुन्या धान्यवाल्याचे जमिनीखालचे पेव होते, त्यात वाळूवर बाटल्या आडव्या निजवत असू. आडव्या अशासाठी, की बूच आतून ओले राहिले पाहिजे. ते वाळले की आकसते आणि हवा आत जाते.

चांगला माल स्वस्तात मिळण्याची खरी जागा मात्र मुंबई नव्हती, धुळे होती. कोणी साहेब बदलून किंवा कायमचा विलायतेला जायला निघाला की बंगल्यावर सामानाचा लिलाव होई. खुर्च्या, जाळीची कपाटे, पंखे, कुत्र्याची साखळी, आणि या सगळ्यांत एखाददोन पेट्या वाइन. दुकानात साडेतीन रुपयांना असणारी बाटली तिथे कधी सव्वा-दीड रुपयाला पडे. पण घ्यायची की नाही हे कसे ठरवावे? बाटली उजेडात धरून मानेपर्यंत भरलेली आहे का ते पाहायचे. बुचाखालून चिकट ओघळ आला असेल तर खाली ठेवायची. मग बाहेर येऊन साहेबाच्या बटलरला विडी द्यायची आणि एकच प्रश्न विचारायचा, “मे महिन्यात पेट्या कुठं होत्या?” न्हाणीघरात म्हणाला तर बोली लावायची. पत्र्याच्या खोलीत म्हणाला तर पुढची गाडी पकडायची. भाव साहेबाला विचारावा, जागा बटलरला विचारावी, एवढीच या धंद्यातली माझी विद्या.

उरलेले काम नाकाचे. बूच काढलेली बाटली नाकाशी धरली की सिरका झाला आहे की नाही हे मला कळे, कारण लोणच्याची बरणी बिघडली की नाही हे आमच्या घरात मीच सांगत असे. आमच्या सौभाग्यवतीने माझ्या कोटासाठी पडवीत वेगळी खुंटी ठोकली होती. आंघोळ केल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. कोट टांगताना मात्र ती जवळून जाई आणि म्हणे, “आज धुळ्याचा माल आलेला दिसतोय. परवापेक्षा बरा आहे.” बहुतेक वेळा तिचे बरोबर निघे.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. फैजपूरकडचे एक केळीवाले पाटील माल विकून आले की गल्ल्यासमोर पागोटे ठेवून बसत आणि म्हणत, “कलेक्टर पितो ती द्या मेहताजी, पण भाव तलाठ्याचा लावा.” धुळ्याचे एक वकील उलट. त्यांना भारी लेबलाची रिकामी बाटली हवी असे. पाहुण्यांसमोर ठेवायला. आत काय ओतायचे ते आमच्याकडून हलक्यातले नेत. मी एकदा म्हणालो, “वकीलसाहेब, पाहुण्यांना कळेल.” ते म्हणाले, “ज्याला कळतं त्याला मी बोलावत नाही.”

आणखी एक मोठा वर्ग होता, तो पिणाऱ्यांचा नव्हताच. तापातून उठलेल्या माणसाला त्या काळी डॉक्टर सर्रास पोर्ट लिहून देत. पोर्ट म्हणजे गोड, लाल, जरा कडक वाइन. चमचा-दोन चमचे, जेवणाआधी. त्यामुळे कांदासुद्धा न खाणाऱ्या घरांतून आमच्याकडे चिठ्ठ्या येत आणि बाटली उपरण्याखालून जाई. याच कामासाठी दुसरा एक माल असे, टॉनिक वाइन. तो पोर्टपेक्षा स्वस्त, आणि डॉक्टर म्हणत की ताकदीला जास्त. त्याच्या लेबलावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असे, की यात माल्ट आहे आणि मांसाचा अर्क आहे. ते बारीक अक्षर कोणी वाचत नसे. मी वाचले होते. म्हणून टॉनिक मी वेगळ्या फळीवर ठेवत असे आणि शाकाहारी घरच्या माणसाला स्पष्ट सांगत असे, “हे तुमच्यासाठी नाही.” यात आमचे काही गिऱ्हाईक जाई. पेस्तनशेठ कपाळाला हात लावत, पण मना करत नसत.

आता त्या दिवाळीबद्दल. लढाईच्या पुष्कळ आधीची गोष्ट. मी धुळ्याच्या लिलावाला गेलो आणि तिथून सणासाठी परस्पर सासुरवाडीला, शिरपूरला. तिथे हिवतापाने अंथरूण धरले. जळगावला परतलो तो तुळशीचे लग्न होऊन गेले होते.

दुकानात पाऊल टाकले तर सगळे लखलखत होते. पेस्तनशेठ दारातच उभे.

“जो ने, मेहताजी! दुकान कसा आरशासारखा दिसते!”

मी फळीकडे पाहिले. काळसर काचेच्या बाटल्या, पोर्ट आणि टॉनिक सरमिसळ, एका रांगेत उभ्या होत्या. मी गेलो तेव्हा त्या वीस होत्या, पोर्टच्या बारा आणि टॉनिकच्या आठ. दोन्हींची बाटली एकाच घडणीची. एकीवरही लेबल नव्हते.

आमच्याकडे झाडलोटीला भागाक्का होती, पलीकडच्या खेड्यातली. ती पदर खोचून पुढे आली. “बठ्ठ्या बाटल्या धुई टाक्यात, भाऊ! कितली धूळ व्हती! तो कागद निंघत नव्हता, मंग पानीमा भिजाडी ठेयात.”

“आणि बुचावरचा चांदीसारखा कागद?”

“त्याना मन्हा नातूले कंदील करी दिना. असा चमकस, काय सांगू!”

तिच्यावर रागावणे शक्य नव्हते. लक्ष्मी धुळीच्या घरात येत नाही हे तिचे म्हणणे, लेबलाशिवाय येत नाही हे आमचे. मी बाटल्या मोजल्या. एकोणीस.

“शेठ, एक कुठे गेली?”

“ती तो हस्तीमलशेठ घेऊन गेला नी! त्याची मां आजारी. पोर्ट मागितला, मी दिला. लेबल नाय म्हणून आठ आणे कमी केला. खुश झाला.”

“पोर्टच दिलीत हे कशावरून?”

पेस्तनशेठनी रांगेकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग भागाक्काकडे. “लाल तर होता,” ते म्हणाले.

हस्तीमलशेठ हे कापसाचे मोठे व्यापारी, मारवाडी जैन. त्यांची आई, माजी, सत्तरीच्या पुढची. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसे. जमिनीखाली उगवलेले काही खात नसे, न जाणो उपटताना जीव मरेल म्हणून. भादव्यात मोठा ताप येऊन गेला आणि ती उठेचना, तेव्हा डॉक्टरांनी पोर्ट सांगितली होती. हस्तीमलशेठनी मनाची समजूत घातली, की द्राक्ष ते द्राक्षच, आणि आईला सांगितले, की हे वैद्याचे द्राक्षासव आहे. तेवढी समजूत मीही घातली असती. पण त्या बाईच्या पोटात मांसाचा अर्क गेला असेल तर? मला बसवेना. तसाच टोपी घालून मी त्यांच्या पेढीवर गेलो.

पेढीवर चार दलाल बसले होते. मी म्हणालो, “शेठ, जरा आत येता?” आत गेल्यावर जे होते ते सांगितले. लेबले, टॉनिक, बारीक अक्षर, सगळे.

हस्तीमलशेठनी दार लोटून घेतले. मग व्यापाऱ्यासारखे विचारले, “किती अंदाज?”

“विसात आठ. म्हणजे पाचात दोन.”

“मेहताजी, कापसात पाचात दोन नुकसान म्हटलं तर मी सौदा करीन. धर्मात पाचात दोन म्हणजे किती पाप? दोन आणे? सहा आणे?”

“ते मला काढता येत नाही, शेठ.”

“मग कशाला आकडे सांगता?” ते म्हणाले, आणि पायात जोडा घालून घराकडे निघाले. मी मागोमाग. निदान बाटली ताब्यात घेऊ, वास घेऊ, काही कळेल, असा माझा विचार.

माजी ओसरीवर बसून मूग निवडत होत्या. महिन्यापूर्वी ज्यांना कूस बदलवत नव्हती त्या सूप पाखडत होत्या.

“मां, ते द्राक्षासव कुठं आहे?” शेठनी विचारले.

“संपलं. परवाच संपलं.”

“इतक्या लवकर? दोन चमचे सांगितले होते.”

“दोन चमच्यांनी काय होतं? वाटीनं घेतलं.” मग माझ्याकडे पाहून, “हा कोण, वैद्याचा माणूस का? भाऊ, तुझ्या वैद्याला सांग, जन्मात पहिल्यांदा कामाचं औषध केलंस.”

मी विचारले, “माजी, बाटली?”

“धुऊन तेल भरून ठेवलंय. फार चांगली बाटली आहे.”

त्या दिवाळीत माझ्या नशिबी धुतलेल्या बाटल्याच होत्या.

आम्ही दोघे ओसरीच्या पायऱ्यांखाली येऊन उभे राहिलो. शेठ म्हणाले, “आता कसं कळणार?” दुकानातल्या एकोणीस उघडून पाहणे म्हणजे सगळ्या वाया घालवणे, पण मला दुसरा एक मार्ग दिसत होता. धुळ्याच्या लिलावात याच खेपेला मला त्याच कंपनीच्या पोर्टच्या सहा बाटल्या मिळाल्या होत्या, लेबलासकट, न्हाणीघरात ठेवलेल्या. मी म्हणालो, “ही खात्रीची पोर्ट आहे. माजींना एक चमचा द्या. तेच आहे म्हणाल्या तर आपण सुटलो.”

“आणि नाही म्हणाली तर?”

बाटली काढायला मी दुकानाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीत पोर्ट घेऊन ओसरीवर हजर. हस्तीमलशेठ खांबाला टेकून उभे होते. लाखाच्या गाठी तेजी-मंदीत गेल्या तेव्हाही हा माणूस पान खात बसलेला मी पाहिला होता. त्या दिवशी त्यांच्या तोंडात पान नव्हते.

माजींनी चमचा घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

“हे ते नाही,” त्या म्हणाल्या.

“मां, तेच आहे. जरा पुन्हा घे.”

“दुसऱ्यांदा घेतल्यानं बदलणार आहे का? यात नुसती गोडी आहे. त्यात कस होता. ते घेतलं की कानशिलापासून टाचेपर्यंत कळायचं.” आणि वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “घेऊन जा, भाऊ. स्वस्तातलं दिसतंय.”

इतकी वर्षे लोकांनी माझ्यासमोर वाइनच्या चवीवर व्याख्याने दिली. पण एका चमच्यात एक माल दुसऱ्यापासून वेगळा सांगणारे गिऱ्हाईक मला तेवढे एकच भेटले, आणि ती आयुष्यभर उकळून गाळलेले पाणी प्यायलेली म्हातारी होती.

हस्तीमलशेठ बाहेरच्या पायरीवर बसले. मी म्हणालो, “शेठ, त्यांना सांगावं असं मला वाटतं. जे झालं ते झालं, पण त्यांचं आहे.”

“तुम्हाला वाटेल. तुम्ही सांगाल आणि घरी जाल.” ते हळू म्हणाले. “ती अन्नपाणी सोडील, मेहताजी. अजाणता झालं ते तिच्या माथी नाही. आणलं मी, नाव बदलून दिलं मी, आठ आणे कमी झाले म्हणून खूश झालो तोही मीच. प्रायश्चित्त माझं.”

त्यांनी तेला धरला. म्हणजे तीन दिवस अन्न नाही, फक्त दिवसा उकळलेले पाणी. हस्तीमलशेठ हे दिवसातून चार वेळा खाणारे गृहस्थ होते. घरात उपास लपत नाही. पहिल्याच दुपारी माजींनी विचारले, “पर्युषण नाही, काही नाही, तुझा कसला तेला?”

शेठना खोटे बोलायचे नव्हते आणि खरे सांगायचे नव्हते. ते म्हणाले, “मां, तुझ्यासाठी.”

झाले. माजींनी निवडायचे सूप खाली ठेवले. “माझ्यासाठी तू उपाशी राहणार आणि मी जेवणार? मीही धरते.”

“तू आजारातून उठलीस!”

“म्हणूनच. चार वर्षांत जमली नव्हती ती अठ्ठाई आता करते. अंगात ताकद आहे.”

अठ्ठाई म्हणजे आठ दिवस.

हस्तीमलशेठ धावत दुकानात आले. माणूस इतका घाबरलेला मी क्वचित पाहिला आहे. “मेहताजी, तुम्ही सांगा तिला. काही सांगा. आठ दिवस! ती मेली तर?”

पेस्तनशेठ म्हणाले, “अरे, खरं सांगून टाक नी! उपास सोडेल.”

“खरं सांगितलं तर उपास सोडणार नाही, वाढवील,” शेठ म्हणाले. ते खरे होते. मी मांडणी करून पाहिली. न सांगितले तर आठ दिवस. सांगितले तर किती याला अंत नाही. आदल्या दिवशी सांगा म्हणणारा मी गप्प बसलो.

डॉक्टर रोज सकाळी नाडी पाहून जात. मी दुकान उघडण्यापूर्वी हस्तीमलशेठच्या ओसरीवरून जात असे. तिसऱ्या दिवशी हस्तीमलशेठचा तेला पुरा झाला. ते डोक्याला फडके बांधून निजले होते आणि माजी जप करत ताठ बसल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला. सहाव्या दिवशी त्या भिंतीला टेकल्या. त्या दिवशी दुकानात माझ्या बेरजा तीनदा चुकल्या. आमच्या घरी मी हकीकत सांगितली तेव्हा सौभाग्यवती कधी नाही ती चेष्टा न करता म्हणाली, “त्या उठेपर्यंत तुम्ही रोज जाऊन या.”

मधल्या दिवसांत मी त्या एकोणीस बाटल्या दुकानातून घालवण्याच्या मागे लागलो. न ओळखता येणारा माल फळीवर ठेवायचा नाही असे ठरवले. भुसावळच्या रेल्वेतल्या एका गार्डसाहेबाला सगळे खरे सांगून विचारले: यात काही पोर्ट आहेत, काही टॉनिक, कोणती कोणती ते देवाला माहीत, घेता का अर्ध्या भावाने? तो म्हणाला, “या भावात वाचायला काही लागत नाही.” आठव्या दिवशी संध्याकाळी त्याचा माणूस येऊन पेट्या घेऊन गेला.

नवव्या दिवशी सकाळी माजींचे पारणे. मला बोलावणे होते. ओसरी माणसांनी भरली होती, बायका गाणी म्हणत होत्या. हस्तीमलशेठनी आपल्या हाताने आईला मुगाचे पाणी पाजले. अर्धे सांडू लागले तेव्हा माजींनी वाटी स्वतःच धरली. डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून, जणू काही आपणच केले अशा चेहऱ्याने हसत होते.

जेवणे झाल्यावर माजींनी मला जवळ बोलावले.

“भाऊ, माझी अठ्ठाई पार पडली ती त्या औषधानं. लोक काही म्हणोत.”

हस्तीमलशेठ माझ्या शेजारीच होते. ते छताच्या तुळया मोजू लागले.

“त्याची आणखी एक बाटली आण. लेबल नसलं तरी चालेल. पैसे जास्त घे.”

घरोघरच्या चिठ्ठ्या पुऱ्या करताना मी हेच शोधत आलो होतो: माल चांगला, भाव परवडणारा आणि गिऱ्हाईक खूश. तिन्ही एकत्र समोर बसले होते, वर जास्त पैसे द्यायला तयार होते.

“माजी,” मी म्हणालो, “तो माल आता दुकानात नाही. कालच संपला. आणि पुन्हा येणार नाही.”

प्रत्येक शब्द खरा होता; टॉनिक पुन्हा मागवायचे नाही हे मी ठरवले होते. तो खरा असावा म्हणून मी गार्डसाहेबाला घाई केली होती.

शेठनी सुस्कारा सोडला. माजींनी मात्र माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“एक चांगली वस्तू होती तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या, “तीही ठेवता आली नाही. कसला रे तू दुकानदार?”